खेळ ज्यांनी जगाला दिला, तेच का हरतात?

लंडनमधील एका खानावळीत १८६३ साली काही क्लबांचे प्रतिनिधी एकत्र जमले. प्रत्येक शाळेत आणि प्रत्येक गावात वेगवेगळ्या रीतीने खेळल्या जाणाऱ्या एका खेळाला त्यांनी एकच नियमावली दिली आणि तिच्या रक्षणासाठी फुटबॉल असोसिएशन ही संस्था स्थापन केली. पुढे १८७२ साली इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात ग्लासगो येथे पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला. व्यावसायिक क्लबांची पहिली साखळी स्पर्धाही १८८८ साली इंग्लंडमध्येच सुरू झाली. ब्रिटिश खलाशी, रेल्वेचे अभियंते आणि व्यापारी पेढ्यांवरील कारकून जिथे जिथे गेले, तिथे तिथे हा चेंडू त्यांच्यासोबत गेला. ब्युनॉस आयर्सला गेला, तसाच कोलकात्यालाही आला.

ज्या देशाने हा खेळ जगाला दिला, त्या देशाच्या पुरुष संघाच्या खात्यावर मात्र मोठ्या स्पर्धेतील एकच विजय जमा आहे. ३० जुलै १९६६ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडने पश्चिम जर्मनीला जादा वेळेत ४-२ असे हरवून विश्वचषक जिंकला. जेफ हर्स्ट याने तीन गोल केले आणि कर्णधार बॉबी मूर याने राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते चषक स्वीकारला. त्यानंतर २०२४ पर्यंतच्या अठ्ठावन्न वर्षांत ना दुसरा विश्वचषक आला, ना युरोपीय अजिंक्यपद. दर दोन वर्षांनी विश्वचषक किंवा युरो स्पर्धा येते. घरांच्या खिडक्यांत आणि मोटारींवर ध्वज लागतात, वृत्तपत्रे ‘या वेळी नक्की’ असे छापतात आणि काही आठवड्यांत ध्वज उतरवले जातात.

ज्या घराण्याने धंद्याची वाट पाडली, त्याच घराण्याच्या दुकानात पुढील पिढ्यांना गिऱ्हाईक का टिकत नाही, हा प्रश्न बाजारात वावरणाऱ्याला नवा नाही. इंग्लंडच्या पराभवांची कहाणी त्याच प्रश्नाची आहे. म्हणून फुटबॉलमध्ये रस नसलेल्या वाचकालाही ती एकदा नीट तपासून पाहण्यासारखी आहे.

तक्रार किती खरी?

जमाखर्च तपासताना प्रथम पाहायचे ते हे, की तूट खरोखर आहे का, की अंदाजच फुगवून लिहिला होता. पत्रकार सायमन कूपर आणि अर्थशास्त्रज्ञ स्टीफन शिमान्स्की यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात हीच तपासणी केली. देशाची लोकसंख्या, दरडोई उत्पन्न आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांचा अनुभव या तीन गोष्टींवरून एखाद्या संघाने किती यश मिळवावे याचा त्यांनी हिशोब मांडला. इंग्लंडचा संघ सर्व सामने जमेस धरता अपेक्षेइतकीच, किंबहुना किंचित अधिकच कामगिरी करतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. अपेक्षा मात्र या तीन आकड्यांवरून ठरत नाही. ती १८६३ आणि १९६६ या दोन सालांवरून ठरते.

या युक्तिवादात तथ्य आहे. १९३० ते २०२२ या काळात बावीस विश्वचषक झाले आणि ते केवळ आठ देशांनी वाटून घेतले. नेदरलँड्ससारखा गुणी देश १९७४, १९७८ आणि २०१० अशा तीन अंतिम सामन्यांत पोहोचूनही रिकाम्या हाताने परतला. बत्तीस संघांच्या स्पर्धेत एकतीस संघ हरूनच घरी जातात. शिवाय १९६६ च्या विजयाकडे पाहताना एक बाब सहसा विसरली जाते. त्या स्पर्धेत इंग्लंडने आपले सहाही सामने वेम्बलीवरच खेळले होते. पुढे १९९६ साली आणि २०२१ साली संघ विजेतेपदाच्या जवळ पोहोचला, तेव्हाही बहुतेक सामने घरच्याच मैदानावर होते. घरच्या बाजारपेठेतील नफ्यावरून परगावच्या उलाढालीचा अंदाज बांधला, तर तो चुकणारच.

तरीही तूट मुळीच नाही, असे म्हणता येत नाही. इंग्लंडची लोकसंख्या साडेपाच कोटींहून अधिक आहे. जवळपास तेवढ्याच आकाराच्या इटलीने चार विश्वचषक जिंकले. फ्रान्सने १९९८ आणि २०१८ साली, तर इंग्लंडहून लहान असलेल्या स्पेनने २०१० साली तो जिंकला. इंग्लंडचा संघ १९७४, १९७८ आणि १९९४ या विश्वचषकांसाठी तर पात्रही ठरला नाही. म्हणजे तक्रार अर्धी खोटी आणि अर्धी खरी आहे. या खऱ्या अर्ध्या भागाची कारणे शोधावी लागतात.

न उघडलेले दार

पहिले कारण जुने आहे आणि त्याची मुळे अभिमानात आहेत. हौशी खेळाडूंना बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी की नाही, या वादातून इंग्लंडने १९२८ साली फिफा ही जागतिक संघटना सोडली आणि १९४६ पर्यंत ते परतले नाहीत. १९३०, १९३४ आणि १९३८ असे पहिले तीन विश्वचषक इंग्लंडविना झाले. आपणच मूळ, मग इतरांच्या परीक्षेला बसायचे कशाला, अशी त्या काळची धारणा होती. या अवधीत उरुग्वे आणि इटली शिकत होते, ऑस्ट्रिया आणि हंगेरी प्रयोग करीत होते.

१९५० साली ब्राझीलमध्ये इंग्लंड प्रथमच विश्वचषकात उतरले आणि बेलो होरिझोंटे येथे अमेरिकेच्या बहुतांश हौशी संघाकडून ०-१ असे हरले. तो अपघात मानला गेला. तीन वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९५३ रोजी, हंगेरीचा संघ वेम्बलीवर आला. ब्रिटिश बेटांबाहेरच्या कोणत्याही संघाने तोवर इंग्लंडला त्यांच्या घरी हरवले नव्हते. हंगेरीने ६-३ असा विजय मिळवला. त्यांचा मध्य-आघाडीपटू हिदेगकुटी नेहमीच्या जागी पुढे उभा न राहता मागे सरकून खेळे. त्याच्यामागे जावे की आपली जागा राखावी, हे इंग्लंडच्या बचावपटूला अखेरपर्यंत उमगले नाही आणि हिदेगकुटीने तीन गोल केले. सहा महिन्यांनी बुडापेस्ट येथील सामन्यात इंग्लंडचा ७-१ असा पराभव झाला, तेव्हा अपघाताची सबबही उरली नाही.

या पराभवातील खरी बोच वेगळी होती. चेंडू जमिनीवर ठेवून, लहान पासांनी, डोके वापरून खेळण्याची शिकवण हंगेरीत रुजवणाऱ्यांमध्ये जिमी होगन हा एक इंग्रजच होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने बुडापेस्टमध्ये प्रशिक्षण दिले होते आणि हंगेरियन लोक त्याचे ऋण उघडपणे मान्य करीत. मायदेशी मात्र त्याच्या विद्येला तसे मोल आले नाही. घरचा जाणकार बाहेर गेला, बाहेर त्याची कदर झाली आणि त्याच विद्येने घरच्यांना हरवले.

आधी मिळवलेला गोल

दुसरे कारण मैदानावरील आहे. इंग्लंडच्या मोठ्या पराभवांची यादी समोर ठेवली, की तिच्यात एक विलक्षण साम्य आढळते. १९७० च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनीविरुद्ध इंग्लंड २-० असे पुढे होते. २-३ असे हरले. २००२ साली ब्राझीलविरुद्ध पहिला गोल इंग्लंडचा होता. २००४ साली पोर्तुगालविरुद्ध तिसऱ्याच मिनिटाला, २०१६ साली आइसलँडविरुद्ध चौथ्या मिनिटाला, २०१८ साली उपांत्य सामन्यात क्रोएशियाविरुद्ध पाचव्या मिनिटाला आणि २०२१ साली युरोच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला इंग्लंडने आघाडी घेतली. या सहाही सामन्यांत इंग्लंड पुढे होते आणि सहाही सामन्यांनंतर इंग्लंडच घरी गेले.

ज्याला गोल करता येत नाही, अशा संघाची ही लक्षणे नव्हेत. गोल केल्यावर काय करावे हे ज्याला ठाऊक नाही, अशा संघाची ती आहेत. पहिला गोल मिळताच खेळाडू हळूहळू मागे सरकतात, आपल्या गोलभोवती कोट उभारतात आणि घड्याळाकडे पाहू लागतात. चेंडू मिळाला, की तो दूर भिरकावून देतात. तो प्रतिस्पर्ध्याकडे जातो आणि पुन्हा चाल करून येतो. मिळवलेले राखण्याच्या चिंतेत मिळवण्याचे कामच थांबते. दुकानातील माल संपत असताना गल्ल्यावर हात ठेवून बसलेल्या माणसासारखी ही स्थिती होते.

यामागे केवळ भित्रेपणा नाही. विद्येची उणीवही आहे. आघाडी राखण्याचा उत्तम मार्ग म्हणजे चेंडू स्वतःकडे ठेवणे, कारण ज्याच्याकडे चेंडू नाही त्याला गोल करता येत नाही. मैदानाच्या मधल्या भागात, चहूबाजूंनी दबाव असताना, शांतपणे चेंडू फिरवत ठेवणारे खेळाडू त्यासाठी लागतात. क्रोएशियाकडे लुका मॉड्रिच होता, इटलीकडे जोर्जिन्यो आणि वेराती होते. इंग्लंडकडे असे खेळाडू विपुल का निपजले नाहीत, याचे उत्तर मुलांच्या मैदानात सापडते. तेथे दीर्घकाळ दहा-अकरा वर्षांची मुले प्रौढांच्या पूर्ण मैदानावर अकरा-अकरांचे सामने खेळत. एवढ्या मोठ्या मैदानावर उंच, दणकट आणि दूरवर लाथ मारू शकणारा मुलगा उठून दिसतो. लहानखुरा, चतुर, चेंडू पायाशी बाळगणारा मुलगा मागे पडतो. स्पेनमध्ये नेमक्या अशाच मुलांना लहान मैदानावर घडवले जात होते. दहाव्या वर्षी झालेल्या निवडीचे फळ पंचविसाव्या वर्षी विश्वचषकात दिसते.

एकाच सदऱ्यातील वेगवेगळी घरे

इसवी सन २००० नंतरच्या दशकात इंग्लंडकडे असामान्य खेळाडूंची एक पिढी होती. डेव्हिड बेकहॅम, स्टीव्हन जेरार्ड, फ्रँक लॅम्पार्ड, रिओ फर्डिनंड, जॉन टेरी, वेन रूनी या नावांमुळे तिला ‘सोनेरी पिढी’ म्हटले गेले. स्वीडनचे स्वेन-गोरान एरिक्सन हे इंग्लंडचे पहिले परदेशी प्रशिक्षक तिला लाभले. २००२, २००४ आणि २००६ या तिन्ही स्पर्धांत हा संघ उपांत्यपूर्व फेरीत हरला. २००८ च्या युरोसाठी तर तो पात्रच ठरला नाही. वेम्बलीवर क्रोएशियाने त्याला ३-२ असे हरवले.

निवृत्तीनंतर यांपैकी काही खेळाडूंनी मोकळेपणाने सांगितले, की मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल आणि चेल्सी या क्लबांतील वैर राष्ट्रीय संघाच्या शिबिरातही विरघळत नसे. आठवडाभर एकत्र राहायचे, पण मन मोकळे करायचे नाही. कारण महिन्याभरात पुन्हा एकमेकांविरुद्धच उभे राहायचे. मैदानावरही तेच दिसे. जेरार्ड आणि लॅम्पार्ड दोघेही आपापल्या क्लबात पुढे धावून गोल करणारे मध्यरक्षक होते. राष्ट्रीय संघात दोघांनाही खेळवायचे ठरले; मागे थांबून पडद्याआडचे काम कोणी करायचे, हे मात्र समाधानकारक रीतीने कधी ठरले नाही. उत्तम माणसे एकत्र आणली म्हणजे उत्तम संघ होतो, हा समज त्या दशकाने खोटा ठरवला.

येथे आणखी एक कारण नेहमी पुढे केले जाते. १९९२ साली सुरू झालेली इंग्लंडची प्रीमियर लीग जगातील सर्वांत श्रीमंत साखळी स्पर्धा आहे. तीत निम्म्याहून अधिक खेळाडू परदेशी आहेत. सामने फार होतात आणि नाताळच्या आठवड्यात इतर देश विश्रांती घेत असताना इंग्लंडमध्ये खेळ चालूच असतो. त्यामुळे उन्हाळ्यात खेळाडू थकलेले असतात, असे म्हणतात. यात काही सत्य असले, तरी ते पुरे पडत नाही. २०१८ साली विश्वचषक उंचावणारा फ्रान्सचा कर्णधार ह्यूगो लोरिस आणि त्याचे सहकारी एन्गोलो कांते व पॉल पोग्बा इंग्लंडमधील क्लबांतच खेळत होते. २०२४ च्या युरो स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू ठरलेला स्पेनचा रोद्री मँचेस्टर सिटीचा होता. तोच थकवा अंगात घेऊन ते जिंकले.

परदेशी भांडवलाचा आणि विद्येचा परिणाम दुसऱ्या एका जागी अधिक स्पष्ट दिसतो. प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून २०२५ पर्यंत एकाही इंग्रज प्रशिक्षकाने ती जिंकली नाही. स्कॉटलंड, फ्रान्स, पोर्तुगाल, इटली, चिली, स्पेन, जर्मनी, नेदरलँड्स अशा देशांच्या प्रशिक्षकांनी ती जिंकली. बाजारपेठ घरची आहे, गर्दी घरची आहे, पण मुनीमकी बाहेरच्यांकडे आहे. माल विकण्याची कला घरात राहिली आणि तो घडवण्याची कला हळूहळू घराबाहेर गेली.

अकरा मीटरचे अंतर

सर्वांत वेदनादायक प्रकरण पेनल्टी शूटआऊटचे आहे. बरोबरीत सुटलेल्या सामन्यात अखेरचा निर्णय अकरा मीटरवरून मारलेल्या लाथांनी होतो. १९९० ते २०१२ या काळात इंग्लंड अशा सात प्रसंगांना सामोरे गेले. १९९६ साली स्पेनविरुद्ध एकदा जिंकले. उरलेले सहा प्रसंग हरले. दीर्घकाळ यास दैव म्हटले गेले. शूटआऊट म्हणजे सोडत, तिचा सराव करता येत नाही, असे अनेक प्रशिक्षकही म्हणत.

नॉर्वेचे क्रीडा-मानसशास्त्रज्ञ गेर यॉर्डेट यांनी मोठ्या स्पर्धांतील पेनल्टींच्या चित्रफिती बारकाईने तपासल्या. पंचाची शिट्टी वाजल्यावर सर्वांत घाईने लाथ मारणाऱ्यांत इंग्लंडचे खेळाडू अग्रभागी होते. ती घाई आत्मविश्वासाची नव्हती. एकदाचे हे संकट संपावे आणि त्या जागेवरून दूर जाता यावे, यासाठीची ती घाई होती.

ही भीती कोठून येते, हे समजण्यास फार दूर जावे लागत नाही. १९९८ साली अर्जेंटिनाविरुद्ध बेकहॅमला लाल कार्ड मिळाले. संघ हरल्यावर लंडनमध्ये त्याचा पुतळा फासावर लटकवला गेला. त्याआधी १९९६ साली वेम्बलीवर जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पंचवीस वर्षांच्या गॅरेथ साउथगेटची पेनल्टी जर्मन गोलरक्षकाने अडवली. काही महिन्यांनी तो एका जाहिरातीत डोक्यावर कागदी पिशवी ओढून बसलेला दिसला आणि देश हसला. ज्या घरात एका चुकीची शिक्षा आयुष्यभर पुरते, त्या घरातील पुढची मुले जोखमीच्या जागी पाय ठेवताना आधी चुकीचाच विचार करतात.

२०१६ साली नीस येथे आइसलँडविरुद्ध हेच घडले. आइसलँडची लोकसंख्या सुमारे सव्वातीन लाख, म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या मध्यम शहराएवढी. त्यांच्या दोन प्रशिक्षकांपैकी एक, हेमिर हाल्ग्रिमसन, व्यवसायाने दंतवैद्य होता. अठराव्या मिनिटापर्यंत आइसलँड २-१ असे पुढे गेले. बरोबरी साधण्यासाठी इंग्लंडच्या हाती सत्तर मिनिटे होती. कोट्यवधींच्या मोलाच्या त्या खेळाडूंना साधे पासही देता येईनात. विद्या एका तासात कोणी विसरत नाही. भीतीपुढे ती आटते. सामना संपताच प्रशिक्षक रॉय हॉजसन यांनी राजीनामा दिला.

दुरुस्तीचा हिशोब

त्याच वर्षी इंग्लंडची सूत्रे ज्याच्या हाती आली, तो डोक्यावर पिशवी घेऊन बसलेला साउथगेट होता. त्याने पेनल्टीला दैव मानण्याचे नाकारले. लाथ कोण मारणार हे आधीच ठरले, थकलेल्या अवस्थेत सराव झाला, शिट्टीनंतर थांबून श्वास घेण्याची सवय लावली गेली आणि संघाच्या मदतीला मानसशास्त्रज्ञ आली. ३ जुलै २०१८ रोजी मॉस्को येथे कोलंबियाला हरवून इंग्लंडने विश्वचषकातील पहिला शूटआऊट जिंकला. क्लबांची वैरे शिबिराबाहेर ठेवण्याचा प्रयत्नही त्याने जाणीवपूर्वक केला.

मुळाशी अधिक संथ काम चालू होते. २०१२ साली बर्टन शहराजवळ सेंट जॉर्जेस पार्क हे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र उघडले. मुलांसाठी लहान मैदाने आणि कमी खेळाडूंचे सामने सुरू झाले. त्याचे एक फळ भारतीयांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. गोव्यातील फातोर्डा मैदानावर इंग्लंडने उपांत्यपूर्व सामन्यात अमेरिकेला ४-१ असे हरवले. स्पेनने आपला उपांत्य सामना नवी मुंबईत जिंकला आणि २८ ऑक्टोबरला कोलकात्यात दोन्ही संघ समोरासमोर आले. स्पेन २-० असे पुढे होते. इंग्लंडने ५-२ असा विजय मिळवला. त्या संघातील फिल फोडेन आणि मार्क गेही पुढे २०२४ च्या युरोच्या अंतिम सामन्यात खेळले. चेंडू पायाशी बाळगणारा लहानखुरा मुलगा अखेर इंग्लंडमध्येही निवडला जाऊ लागला होता.

तरीही चषक आला नाही. २०२४ साली बर्लिनमध्ये त्याच स्पेनविरुद्ध कोल पामरने त्र्याहत्तराव्या मिनिटाला बरोबरी साधली आणि अवघ्या तेरा मिनिटांनी स्पेनने विजयी गोल केला. साउथगेट पायउतार झाला. दोन युरोंचे उपविजेतेपद आणि विश्वचषकाची एक उपांत्य फेरी ही त्याच्या आठ वर्षांची जमा. तिला अपयश म्हणावे की यश, यावर इंग्लंडमध्ये अजून एकमत नाही.

या हिशोबात महिला संघाची नोंद केल्याशिवाय ताळेबंद पुरा होत नाही. १९२० च्या नाताळात एका महिला सामन्यास सुमारे ५३ हजार प्रेक्षक जमले होते. पुढच्याच वर्षी असोसिएशनने आपल्या क्लबांच्या मैदानांवर महिलांना खेळण्यास बंदी घातली आणि ती जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. त्या बंदीखालून वर आलेल्या महिला संघाने नेदरलँड्सच्या सरिना विगमन यांच्या मार्गदर्शनाखाली २०२२ आणि २०२५ असे लागोपाठ दोन युरो चषक जिंकले. २०२५ साली उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम अशा तिन्ही सामन्यांत हा संघ आधी मागे पडला होता. स्वीडनविरुद्ध आणि इटलीविरुद्ध त्याला बरोबरीत आणणारे गोल एकोणीस वर्षांच्या मिशेल आग्येमांगने केले. पुरुष संघ पुढे असताना हरत आला; महिला संघ मागे असताना जिंकला. एकाच देशात, एकाच संस्थेच्या छत्राखाली, एकाच प्रशिक्षण केंद्रातून हे दोन्ही संघ बाहेर पडले. एकाच्या खांद्यावर १९६६ साल होते, दुसऱ्याच्या खांद्यावर ते नव्हते. हा फरक सर्व काही सांगतो असे नाही, पण बरेच काही सांगतो.

चुकलेल्याचे काय करायचे?

११ जुलै २०२१ रोजी वेम्बलीवर इटलीविरुद्धचा अंतिम सामना शूटआऊटपर्यंत गेला. मार्कस रॅशफोर्ड, जेडन सँचो आणि बुकायो साका यांच्या पेनल्टी चुकल्या. साका तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि शेवटची लाथ त्याची होती. त्या रात्री या तिन्ही कृष्णवर्णीय तरुणांवर वर्णद्वेषी शिव्यांचा वर्षाव झाला. मँचेस्टरमधील एका भिंतीवरील रॅशफोर्डचे चित्र विद्रूप करण्यात आले. दुसऱ्या दिवशी मात्र त्या भिंतीपाशी माणसे येऊ लागली. लहान मुलांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या, कागदी हृदये आणि ध्वज यांनी विद्रूप केलेला भाग झाकला गेला. चुकणाऱ्याची निवड आपणच केली होती, हे साउथगेटने सर्वांसमोर सांगितले आणि दोष स्वतःकडे घेतला. पंचवीस वर्षांपूर्वी त्याच्यासाठी जे कोणी फारसे केले नव्हते, ते त्याने या मुलांसाठी केले.

जुने नाव असलेल्या प्रत्येक घरात कधी ना कधी हा प्रसंग येतो. नव्या पिढीतील कोणी तरी पहिल्यांदा मोठा व्यवहार हाती घेतो आणि तो बुडतो. त्या दिवशी घरातील वडीलधारी माणसे काय बोलतात, यावर त्याचा पुढचा व्यवहार अवलंबून असतो. इतकेच नव्हे, तर शेजारी उभे राहून पाहणाऱ्या धाकट्या भावंडांचाही. आजोबांनी उभारलेल्या नावाचा दाखला देऊन त्याला लाजवले, तर तो पुढे फक्त राखणदार होईल. त्याला पुन्हा त्याच जागी उभे राहू दिले, तर तो व्यापारी होण्याची शक्यता उरते. पूर्वजांची कीर्ती हे भांडवल आहे. ते गुंतवले तर वाढते, डोक्यावर वाहिले तर मान मोडते.

६ जुलै २०२४ रोजी युरो स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत, ड्युसेलडॉर्फ येथे, इंग्लंड स्वित्झर्लंडविरुद्ध ०-१ असे मागे होते. ऐंशीव्या मिनिटाला साकाने दूरवरून गोल करून बरोबरी साधली. सामना शूटआऊटमध्ये गेला. पाच जणांची निवड झाली आणि त्यांत साकाचे नाव होते. तीन वर्षांपूर्वीच्या त्या लाथेनंतर तो पुन्हा तसाच अकरा मीटरवर उभा राहिला. शिट्टी वाजली, त्याने घाई केली नाही. चेंडू जाळ्यात गेला. इंग्लंडच्या पाचही पेनल्टी त्या दिवशी जाळ्यात गेल्या.